दवाखान्यामागची दावण

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून लुगडं नेसून सरकारी नोकरी केलेला मिशीवाला गडी एकच झाला, आणि तो माझ्या नशिबाला मेव्हणा म्हणून आला. माझ्या बायकोचा पाठचा भाऊ. हे मी कौतुकानं लिहीत नाही. मी चौथी नापास माणूस, कौतुक कसं लिहितात ते मला माहीत नाही; बघितलं ते लिहितो. तर त्या बहीणभावांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे घेवडा सोलणं. दिवस मावळायच्या आत आमच्या सोप्यात दोघं समोरासमोर बसली होती, मधे सूप. ती दाणे सुपात टाकायची आणि टरफलं पाटीत. हा दाणे सुपात टाकायचा आणि टरफलं माझ्या अंगावर. मी म्हणालो, "गड्या, मी काय उकिरडा हाय का?" तर म्हणतो कसा, "दाजी, उकिरड्याचं बी बारा वर्सांनी पांग फिटत्यात. तुमचं कवा फिटणार?" कारभारीण हसली. इतकी हसली की तिला ठसका लागला आणि पाणी द्यायला मलाच उठावं लागलं. एवढंच. त्यात विशेष काही नव्हतं. विशेष असतं तर मी नीट बघून ठेवलं असतं.

हा मेव्हणा पलटणीत होता. पलटणीत म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं बंदूक येते. ह्यानं बंदूक धरली ती परेडपुरती, बाकी सगळी नोकरी डोंगरात रसद वाहणाऱ्या खेचरांच्या मागं गेली. त्यामुळं माणसापेक्षा जनावराशी बोलायची सवय जास्त, आणि तेही हिंदीत. पेन्शनीवर आला आणि आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यात शिपाई म्हणून लागला. दवाखाना म्हणजे माझ्या उसाच्या बांधाला लागून असलेली कौलारू इमारत, थोड्या खाटा, एक नर्सबाई, आणि पुण्याकडनं आलेला एक कोवळा डॉक्टर. मेव्हण्याचं काम पाणी भरायचं, झाडलोट करायची, दार उघडायचं आणि लावायचं. सुई, गोळी, नाडी यातलं त्याला काही कळत नव्हतं आणि कळावं अशी इच्छाही नव्हती. रक्त बघितलं की हा भिंतीला टेकायचा आणि नर्सबाई पेशंट सोडून ह्याच्या तोंडावर पाणी मारायची. पण आजारी बाई गाडीतनं उतरली की डॉक्टरनं 'काय होतंय' विचारायच्या आधी हा दारातच विचारायचा, "म्हस कुणाकडं सोपवली?"

बाहेरच्याला हा प्रश्न येडपट वाटेल. मलाही वाटायचा. पण आमच्याकडं बाई खाटेवर का टिकत नाही याचं सगळं उत्तर त्यात आहे. डॉक्टर असायचा, औषध असायचं, पण ताप जरा उतरला की बाई चुंबळ उचलल्यासारखी स्वतःला उचलायची आणि घरची वाट धरायची. कारण घरी म्हैस कास भरून तटलेली. नवरा धारेला बसला की म्हैस पान्हा चोरते, सासू बसली की लाथ घालते. मग बाई अर्धी बरी होऊन गोठ्यात जायची, आणि पुढच्या आठवड्यात तिला गाडीत घालून परत आणायची. नाहीतर आणायचं कारणच उरायचं नाही.

आमच्याच घरात ही पाळी आली. दुष्काळ नुकताच सरला होता. त्या दुष्काळात माणसांना खायला नव्हतं, तिथं कारभारणीनं चंद्री नावाची म्हैस कशी जगवली ते तिचं तिलाच ठाऊक. मला अर्धी भाकरी मिळायची आणि बाकीची अर्धी कुठं जाते ते विचारायची सोय नव्हती. सुगीच्या तोंडाला कारभारणीला मुदतीचा ताप भरला. डॉक्टर म्हणाला, आतडं नाजूक झालंय, खाटेवरनं उठायचं नाही, चालायचं तर नाहीच. चाललात तर पुढचं माझ्या हातात नाही. दुसऱ्या दिवशी धारेच्या वेळेला बघतो तर ही उसातनं चालत घरी आलेली. अंग तव्यासारखं तापलेलं, पाय लटपटतायत, आणि हातात चरवी. मी वरडलो, तिच्या माहेरच्या सगळ्यांचा उद्धार केला. ती म्हणाली, "आवं, ती तटून हुबी हाय. तिला काय कळतंय ताप न् बीप?"

मागनं मेव्हणा पळत आला. मला वाटलं आता भाऊ बहिणीची समजूत काढेल. ह्यानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ गोठ्यात गेला, चंद्रीला सोडलं आणि "चल बेटी, आगे बढ" करत तिला आणि तिच्या रेडकाला गावातनं वाजतगाजत नेल्यासारखं नेलं. मी कारभारणीला गाडीत घालून मागनं गेलो. पोचतो तर चंद्री तिच्या खाटेच्या खिडकीखाली खुट्याला बांधलेली, आणि हा माझीच वाट बघतोय. म्हणाला, "दाजी, वलणीवरचं लुगडं आणा. धुतलेलं नगं, नेसून टाकलेलं पायजे. आक्काचा वास पायजे."

आमच्याकडं अडीनडीला गडीमाणूस बायकोचं लुगडं पांघरून धार काढतो, हे काही नवीन नाही. पण ते गोठ्यात, दार लावून, आणि कुणी विचारलं तर 'मी न्हवं' म्हणायचं असतं. ह्यानं सरकारी आवारात, लख्ख उजेडात, खाकी अर्ध्या चड्डीवर नऊवारी नेसली, मिशीवरनं पदर घेतला आणि चरवी गुडघ्यात धरून बसला. खिडकीतनं कारभारणीनं बघितलं. अंगात बोलायचं त्राण नव्हतं, पण गप्प बसली तर ती माझी बायको कसली?

"आरं मेल्या, निऱ्या उलट्या घातल्यास. म्हस हसंल."

"हसू दे की. हसत हसत पान्हा सोडंल."

"पदर नीट घे. मिशा दिसत्यात."

"आक्का, तू नीज. तुझ्या मिशा दिसत न्हाईत म्हणून म्हस तुला लय मानत हुती व्हय?"

चंद्रीनं मान वळवून वास घेतला, शेपूट हलवलं, आणि धार लागली. मी उसाच्या आडोशाला जाऊन उभा राहिलो. लाजेनं म्हणा, नाहीतर दुसऱ्या कशानं.

पुढं ताप चढला तसा तिला भ्रम व्हायला लागला. कुणाला ओळखायची नाही, पण दिवस मावळला की खाटेवरनं पाय खाली टाकायची आणि 'धार ऱ्हायली' म्हणायची. डॉक्टरनं धरलं तरी ऐकायची नाही, मी धरलं तर मला चावली. मग हा फेसाळलेली चरवी घेऊन, पदर डोक्यावर तसाच, खिडकीत उभा राहायचा. "हे बघ. झाली धार. रेडकू बी पिलं. आता नीज." ती चरवीत बघायची आणि पाय वर घ्यायची. डॉक्टरच्या बाटल्या होत्याच, त्यांना मी नावं ठेवत नाही. पण बाटलीतलं औषध खाटेवरच्या माणसाला लागू पडतं, उसातनं चालणाऱ्याला नाही.

ती उठली. केस गेले ते परत आले, जीभ गेलीच नव्हती. आणि चंद्री घरी आली तरी दवाखान्यामागचा खुटा मोकळा राहिला नाही. पुढची बाई आली ती म्हैस घेऊनच आली. कधी दोन म्हशी, कधी तीन, बरोबर रेडकं, एकदा एक शेळीही. व्हरांड्यात खुंट्यांवर त्या त्या बाईचं लुगडं. एकदा ह्यानं हिरवं लुगडं नेसायचं ते निळं नेसला आणि भलत्याच म्हशीच्या कासेला बसला. तिनं घातलेल्या लाथेत पुढचा एक दात गेला. नर्सबाईनं ओठाला औषध लावलं तर असा बोंबलला की आतल्या बाळंतिणी उठून बसल्या. उरलेलं दूध पेशंटच्या पेजेत जायचं आणि डॉक्टरच्या चहात. डॉक्टर म्हणायचा, औषधं तीच आहेत, गुण मात्र आता यायला लागला.

ह्याला दुसरी खोड खोटं बोलायची. रोज सायकलवरनं बायांच्या घरी जाऊन चारा बघायचा आणि येताना बातम्या आणायचा. कोंबडी खुडूक बसली, जावेनं चूल सारवली, इथपर्यंत खरं. त्यापुढं स्वतःचं. एकीला सांगितलं, तुझ्या काळजीनं मालकानं अन्न सोडलंय. ती बिचारी त्या सुखावर आठवडाभर पडून राहिली. घ्यायला नवरा आला तो जत्रेतलं मटण खाऊन असा सुटला होता की सदऱ्याच्या गुंड्या लागत नव्हत्या. तिनं तिथंच विचारलं, "अन्न सोडून अंगाला काय लावलंसा?" नवरा ह्याच्याकडं बघतोय आणि हा म्हशीची पाठ चोळतोय. शिवाय म्हशी घरी गेल्या की मराठी ऐकत नव्हत्या. अडून उभ्या राहायच्या. बाया घरोघरी 'आगे बढ' म्हणायला शिकल्या, ह्यालाही कारण हाच.

एका म्हाताऱ्यानं तर लांबनं आपल्या बायकोचं लुगडं दवाखान्यामागं हिंडताना बघितलं. गाडीतनंच वरडला, "आगं ए सटवे, तापात फिरतीस व्हय? मर तिकडं, मी न्हाई खांदा द्यायचा." लुगडं वळलं, पदराखालनं मिशी निघाली आणि म्हणाली, "बाबा, खांदा नगं. पेंड आणलीया का?"

मग साताऱ्याहून मोठे साहेब तपासणीला आले. ते आवारात शिरायला आणि हा लुगडं नेसून चरवी घेऊन समोरनं यायला एकच गाठ पडली. पलटणीची सवय जाते कुठं? चरवी खाली ठेवली, टाचा जुळवल्या आणि ठोकला सलाम. पदर पडला. साहेबांनी डॉक्टरला विचारलं, "ह्या बाई कोण?" डॉक्टर म्हणाला, "शिपाई आहेत, सर." साहेब जाताना हुकूम करून गेले की दिवस मावळायच्या आत सगळी जनावरं हद्दीबाहेर गेली पाहिजेत. हुकूम म्हणजे हुकूम. ह्यानं सगळे खुटे उपटले आणि हद्दीच्या बाहेर ठोकले. हद्दीच्या बाहेर म्हणजे माझ्या उसात. मला विचारायची पद्धत त्या घराण्यात नव्हती.

मी घरी येऊन आदळआपट केली, की लोकांच्या म्हशी माझा ऊस खातायत आणि तुझा भाऊ त्यांना हिंदीत आग्रह करतोय. कारभारीण भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "खाऊ द्यात की. ऊस परत फुटतुय. बाई परत फुटत न्हाई."

त्या घेवड्याच्या दिवशी ती जेवली, भांडी घासली, निजली, आणि पहाटे उठलीच नाही. ताप नाही, दुखणं नाही. खाटेवर टिकवायची वेळसुद्धा तिनं कुणाला दिली नाही. उजाडलं तवा घर बायकांनी भरलं होतं आणि त्या सगळ्यांच्या वर चंद्री हंबरत होती, कास भरून तटलेली. मेव्हणा आला. बहिणीजवळ जरा वेळ बसला. मग उठून गोठ्याकडं निघाला. माझ्या भावजयीनं वलणीवरचं लुगडं काढून त्याच्यापुढं धरलं. "घ्या, दादा. मुकं जनावर हाय."

"नगं, वैनी," म्हणाला. "ऱ्हाऊ दे. आता चरवी कुणाला दावायची?"

मी मागनं गेलो. यंदाचं रेडकू दाव्याला हिसके देत होतं. त्यानं त्याच्या गळ्यातलं दावं सोडलं आणि बाजूला झाला. रेडकू कासेला भिडलं. एरवी जरा पाजून लगेच वढून घ्यायचं असतं; जास्त पिलं तर हगवण लागून मरतं, हे खेचरं सांभाळलेल्या माणसाला मी काय सांगायचं? तो चंद्रीच्या पाठीवर हात टाकून, आमच्याकडं पाठ करून उभा राहिला. हिंदीतलं एक अक्षर बोलला नाही. रेडकानं एक आचळ सोडलं, दुसरं धरलं, ढुशा देऊन तिसरं धरलं. त्याच्या तोंडातनं फेस भुईवर गळायला लागला. मेव्हण्यानं त्याला वढलं नाही, आणि मीही वढ म्हणालो नाही.