मूत्रपिंडांनी धाडलेला निरोप

महाळुंग्याच्या कंपनीत गाड्यांचं वायरिंग तपासणाऱ्या दीपमालानं संसाराच्या बावीस वर्षांत लांबचा प्रवास केला तो परभणीपर्यंतच, माहेरी. धाकटा भाऊ निरंजन फौजेत, लेहला सुभेदार. यंदा त्यानं हट्टच धरला, ताई, तू यायचंच.

नवरा नवनाथ धास्तावला. हिला थायरॉईड, तिथल्या विरळ हवेत काही झालं तर? पिंपळे सौदागरच्या डॉक्टर मृदुलांनी तपासण्या केल्या, गोळी चुकवू नका आणि पहिले दोन दिवस नुसतं पडून राहा, असं बजावून तिला जाऊ दिलं.

लेहला पोचल्यावर दीपमाला खरंच पडून राहिली. डोकं जरा जड होतं, भूक मेली होती. पण दर तासाला लघवीला पळावं लागायला लागलं, तशी ती घाबरली. आईला साखरेचा आजार होता. आता आपल्यालाही लागला, असं तिनं मनाशी पक्कंच केलं. भावाला सांगायची लाज वाटली. शेवटी दुसऱ्या दिवशी तिनं डॉक्टरांना फोन लावला.

धाप लागते का, उलट्या होतात का, चालताना तोल जातो का, हे सगळं त्यांनी आधी विचारलं. तसलं काहीच नव्हतं. मग त्यांनी समजावलं. वर प्राणवायू कमी, म्हणून अंगात मीठ-पाणी धरून ठेवणारं संप्रेरक कमी होतं आणि जादा पाणी लघवीवाटे निघून जातं. शिवाय मूत्रपिंडं दुसरं एक संप्रेरक सोडून हाडांतल्या मगजाला निरोप धाडतात, तांबड्या पेशी वाढवा म्हणून.

"म्हणजे अंगाला ओव्हरटाइम लागलाय म्हणा की," दीपमाला म्हणाली.

"डबल शिफ्ट," डॉक्टर हसत म्हणाल्या.

त्या संध्याकाळी तिनं भावाला सगळं सांगितलं. नव्यानं आलेल्या प्रत्येक जवानाचं हेच होतं, असं म्हणत तो पोट धरून हसला. तिसऱ्या दिवशी तिला कडकडून भूक लागली. सहाव्या दिवशी खारदुंगला खिंडीत तिनं ओंजळभर बर्फ उचललं आणि सुभेदारसाहेबांच्या कॉलरमधून आत सोडलं. त्यांचे जवान बघत होते, तरी.

परत आल्यावर रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन जवळपास एक ग्रॅमनं वाढलेलं. काही आठवड्यांत उतरेल, डॉक्टर म्हणाल्या. उतरू दे, दीपमालाला त्याचं काही नव्हतं. चहाच्या सुट्टीत ती लघवीसकट सगळी हकिकत रंगवून सांगायची. पॅकिंगमधल्या विजयश्रीनं एकदा हळूच विचारलं, बीपीवालीला जाता येतं का गं?

रविवारी दीपमाला तिला घेऊन डॉक्टर मृदुलांकडे गेली.