अप्पा मला ‘तुमी’ म्हणाले तेव्हा

परभणीकडच्या आमच्या ताडकळसचा बाजार होता त्या दिवशी मी गाव सोडलं. मेंढरं शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून अप्पा मला एसटीत बसवायला आले होते. खिडकीतून शेंगांची पुडी देत एवढंच म्हणाले, "पोचलीस की फोन कर." मी रडले नाही. मराठीत एम.ए. होऊन पुण्याला शिकवायला निघाले होते, घाबरायचं काय त्यात?

परप्रांतातून बदलून आलेल्या नोकरदारांच्या क्लासमध्ये मला क्रियापदं शिकवायची होती. पहिल्याच आठवड्यात फळ्यावर ‘जातो, जातेस, जातात’ लिहून झालं आणि मी विचारलं, "सगळे लिहायलेत ना?" मागे उभ्या असलेल्या, क्लास चालवणाऱ्या बाई हसल्या. हे ‘लिहायलेत’ वर्गात नको, असं त्यांनी नंतर गोडीत सांगितलं. त्या दिवसापासून मी ‘करत आहे, जात आहे’ घोकायला लागले. वर्षभरात माझं गाव कुणाला ओळखू येईना. सांगायला लाज वाटते, पण मला त्याचा अभिमान होता.

मग तीच भाषा फोनवर आली. "अप्पा, मी जेवण करत आहे, नंतर बोलते." मग अप्पा म्हणाले, "बरं. तुमी जेवा."

आमच्याकडे बाप लेकीला ‘तुमी’ म्हणत नाही. तलाठ्याला म्हणतो, डॉक्टरला म्हणतो, व्याह्यांना म्हणतो. अप्पा रागावले नव्हते, हेच वाईट होतं. लेक आता त्या लोकांतली झाली, असं त्यांनी मान्य करून टाकलं होतं. पुढे प्रत्येक फोनला ‘तुमी कवा येणार’. असं बोलू नका म्हटलं की ते ‘बरं’ म्हणायचे आणि पुन्हा तेच. वर्गात वीस जणांना क्रियापदं चालवून दाखवणारी मी, पण बापापुढे माझं काही चालेना.

दिवाळीनंतर गेले तेव्हा मेंढरांची लोकर कातरणं चाललं होतं. अप्पांनी माझ्यासाठी खुर्ची मांडली. पाहुण्यासारखी बसले थोडा वेळ, मग असह्य झालं. ओढणी खोचली, एक मेंढी आडवी पाडली आणि कातर घेऊन सरळ पाठीवर चालवली. पाय बांधायचेच विसरले. मेंढी उसळली, मला फरफटत घेऊन गेली आणि अर्धवट कातरलेल्या अंगाने कळपात घुसली.

अप्पा धावत आले. "अगं ए, काय करायलीस? आधी पाय बांधावं लागतेत, समदं इसरलीस का तू?"

मी लेंड्यांत बसले होते, कोपर सोललं होतं आणि मला हसू आवरत नव्हतं. "बांधायलेय, अप्पा," मी म्हणाले. आपण काय बोलून गेलो ते त्यांच्या लक्षात आलं. चपापले, मग दोरी माझ्याकडे फेकली. ती मेंढी काही पुन्हा हाती लागली नाही, पण बाकीच्या कातरताना खुर्ची संध्याकाळपर्यंत रिकामी राहिली.

आता वर्गात ‘करत आहे’च्या खाली मी ‘करायलेय’ही लिहिते. परभणीला बदली झाली तर कामाला येईल, असं सांगते. बाई अजून हसतात. हसू देत.

माझ्यासारखे गाव सोडलेले असाल, तर घरी गेल्यावर मांडलेल्या खुर्चीत फार वेळ बसू नका. काल अप्पांचा फोन आला, "कवा यायलीस? ती मेंढी अजून अर्धीच हाय. तुझी तू कातर."