सतराचे ॲव्हरेज

बारामतीच्या ज्या शोरूममध्ये मी ऐन उमेदीची वर्षे गाड्या विकल्या, तिथे आता फरशांचे दुकान आहे. आमची कंपनी देशी. तिच्या गाड्या लांब, जड, मोठ्या इंजिनाच्या. जास्त इंधन पिणाऱ्या गाड्यांवरचा कर चढत गेला, इंधनाचे नियम आवळत गेले आणि गिऱ्हाईक परदेशी कंपन्यांच्या लहान गाड्यांकडे वळले. वर्कशॉपमधल्या मेकॅनिकांचे पगार लांबू लागले, तेव्हा जे करतो आहे ते यांच्यासाठी, असे मी स्वतःला सांगत असे. आता ते मला पटत नाही. मला माझी खुर्ची टिकवायची होती.

त्या दिवसांत निरवांगीचे एक तात्या आले. टोमॅटो आणि ढोबळी मिरची पिकवणारे. सोबत सून होती. तिला इंदापूरच्या एका दवाखान्यात परिचारिकेची नोकरी लागली होती, पण एसटीच्या वेळा आणि तिच्या पाळ्या जुळत नव्हत्या. मुलगा भाजीचा टेम्पो घेऊन सदा बाहेर. गाडी सूनच चालवणार होती.

“आमी सात माणसं, मोठी गाडी पायजे,” तात्या म्हणाले, “पर हिला रोज इंदापूर हाय. ॲव्हरेज किती देती? कागदावरचं नगं सांगू, डोळ्यांनी दाखवा.”

डोळ्यांनी दाखवण्याची आमच्या धंद्यात एक रीत आहे. टाकी भरायची, इंदापूरला जाऊन यायचे, पुन्हा भरायची. जितके डिझेल मावेल तितके खर्च झाले असे धरायचे. निघताना मी गाडी दोन्ही बाजूंनी हलवून, फेस बसू देऊन, टाकी तोंडापर्यंत भरून घेतली. परतल्यावर मात्र नोझलने पहिल्यांदा ‘टक’ केले आणि मी हात वर केला, “बास, झाली फुल.” टाकीत अजून जागा होती. ते मला आणि पंपावरच्या माणसाला ठाऊक होते, शेजारी उभ्या तात्यांना नव्हते. हिशोब सतराचा आला. ती गाडी तेराच्या वर कधी गेली नव्हती.

“सतरा देती म्हटल्यावर परवडतंय की!” तात्यांनी चावी सुनेच्या हातावर ठेवली. “घ्या डायवरीणबाई!” ती पदराआड हसली.

तीन महिन्यांनी सर्व्हिसिंगला आले तेव्हा तात्या मोठ्याने म्हणाले, “राव, गाडी बघा जरा. का आमची सूनच डिझेल पितीया?” वर्कशॉप हसले. तीही हसली, पण माझ्याकडे पाहत राहिली. उत्तर माझ्याजवळ आहे हे तिला कळले असावे. एका वाक्याचे काम होते. पण हे निरवांगीत फिरले, तर त्या भागातून एक गिऱ्हाईक येणार नाही, हा विचार आधी आला. मी म्हणालो, “तात्या, चालवणाऱ्याच्या पायावर असतं ते.”

पहिले खोटे गाडीविषयी होते. हे दुसरे एका माणसाविषयी.

तात्यांनी सुनेकडून चावी घेऊन घरी खुंटीला लावली. पुढे कधीतरी कळले, की सुनेने दवाखाना सोडला.

ज्यासाठी हे केले, तेही राहिले नाही. कंपनीने ते मॉडेल बंद केले, मग आमच्या मालकांनी शोरूम. मेकॅनिक कुठे कुठे पांगले. गेल्या उन्हाळ्यात मी निरवांगीला गेलो. गाडी पत्र्याखाली उभी होती, टपावर ठिबकच्या नळ्यांची वेटोळी. ओसरीवर बसून, काही न लपवता, तात्यांना सारे सांगितले.

ते हसू लागले. “लई भला माणूस हाय तुमी. सुनेचा आळ सोताच्या अंगावर घेताय व्हय? आवं, म्या सोता तुमच्यासंगं हुतो पंपावर. ह्या डोळ्यांनी सतरा बघितलं!”

मी पुन्हा सांगितले. ते पुन्हा हसले आणि माझ्या पाठीवर थाप मारून मिरचीला पाणी सोडायला गेले.

सून चहा घेऊन आली. दारातून तिने सगळे ऐकले होते. कप ठेवताना ती हळूच म्हणाली, “भाऊ, मला गाडी नीट चालवता येत हुती?”

“येत होती.”

तिने मान हलवली. “माझ्या जागी कवाच दुसरी लागली तितं. मलाबी वाटाय लागलं हुतं, आपलाच पाय जड आसंल.”

चावी अजून खुंटीवरच होती. चहा निवेपर्यंत मी त्या चावीकडे पाहत बसलो. त्या घरात ती उतरवून सुनेच्या हातावर ठेवण्याचा अधिकार मला नव्हता.