आज्याची घागर कोणी भरली नाही

माहा मोठा भाऊ देवाजी. वाडीले ट्रान्सपोर्टच्या गोदामात पोते चढवे. जन्मात समुद्र पाहिला नाही, पण डोक्यात सदा जहाज.

आमचा आजा बापूजी मोठ्या दुष्काळात कलकत्त्याले जहाजात चढला. समुद्रापार उसाच्या वावरात काम आहे म्हणून कोणी नेलं. गावचा एक जण धक्क्यावरूनच पळून आला, त्यानं सांगतलं. मंग काहीच खबर नाही. आमच्यात अक्षयतृतीयेले मेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतेत. आज्याची कोणी भरली नाही. जित्त्याची कशी भरावी? बाप तसाच गेला. मंग दादाच्या जिवाले लागलं.

मले म्हणे, "पंचफुले, पोचला असन तर तिकडचे लेकरं देत असतीन पाणी. जहाजातच मेला असन तर? एवढ्या पाण्यात पडून तहानलेलाच ना वं?"

रामदासपेठेत गणपतराव मास्तर होते, रिटायर. सुट्टीच्या दिवशी दादा त्यायच्याकडे जाऊन बसे. मास्तर इंग्रजी पुस्तकातून जहाजाचं वाचून सांगत. काय खायाले देत, कुठी झोपवत, मेला का समुद्रात सोडत. एकदा मी डबा घेऊन गोदामात गेली, तर दादा जमिनीवर खडूनं चौकट काढून तिच्यात झोपला होता.

"काय करून राहिला गा?"

"एका माणसाले एवढीच जागा वं. कूस बदलता येते का पाहून राहिलो."

बाकीचे हमाल पोट धरून हासत. कांतावहिनी म्हणे, "नाग नदीत म्हैस बुडत नाही, अन आमच्या घरी जहाज!"

त्र्याहत्तर साली संत्र्याच्या ट्रकवर बसून दादा कलकत्त्याले गेला. धक्क्यावरच्या बाबूनं विचारलं, जहाजाचं नाव काय? दादाले आज्याचं नाव मालूम, जहाजाचं कुठून असन! आला तसाच वापस. पाय धुतले नाही, म्हणे, "तिथं समुद्र नाहीच वं, नदी आहे. आजा नदीतून गेला." अन चालला मास्तरकडे, त्या सालच्या जहाजायचे नावं विचाराले. जेवता जेवता उठे. वहिनी ताटावर ताट झाके.

ब्याऐंशीच्या थंडीत छाती भरली अन दादा गेला. जहाज काही सापडलं नाही.

मंग अक्षयतृतीया आली. वहिनीनं सासू-सासऱ्याची घागर भरली, दादाची भरली. आज्याची म्हणून एक कोरी घागर बाजूले होती. वहिनी तिच्याकडे पाहून राहिली.

"यायनं भरली नाही, मी कशी भरू?"

माह्याही हातानं ते झालं नाही. मी म्हटलं, "वहिनी, दादाचीच काठोकाठ भर. तो तिकडेही शोधतच फिरत असन. भेटला आजा तर पाजन त्याले."

वहिनी रडता रडता चिडली. "मेल्यावरही यायले बसणं नाही का?"

पण तिनं पाण्याचा गुंड उचलला अन दादाच्या घागरीत ओततच राहिली. पाणी सांडून पाटाखालून माह्या पायापर्यंत आलं.