मागे कोरे असलेले तीन फोटो

बिबवेवाडीत माझं फोटो फ्रेमचं दुकान आहे. फोटोबरोबर गिऱ्हाईक घरची कहाणीही आणतं आणि ती फुकट ऐकावी लागते. कौशल्याबाईंची मात्र मी स्वतःहून विचारून ऐकली.

बाई पंचाहत्तरीच्या. खडकीच्या शाळेत शिकवण्यात जन्म गेला. आजही माझ्या पावतीवरचं शुद्धलेखन तपासतात. वडील रंगराव महायुद्धात हवाई दलाचे फिटर, ब्रह्मदेशात होते. परत आले, लग्न केलं, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागले आणि मुलगी अकरा महिन्यांची असताना विषमज्वरानं गेले. पाचेक वर्षांनी आई चंद्रभागाही गेली. बाई मामाकडे वाढल्या. वडिलांचा एकही फोटो घरात नव्हता. ते दिसायला कसे होते, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

मागच्या महिन्यात मामाचं घर आवरताना पत्र्याचा डबा निघाला. आत ब्रह्मदेशातले एकतीस फोटो. विमानं, तंबू, पॅगोडा, उघड्या अंगानं दाढी करणारी तरणी पोरं. रंगराव एकेक फोटो दाखवून सांगायचे आणि चौथी शिकलेली चंद्रभागा मागे पेन्सिलनं लिहायची. ‘वैजनाथ, रंगून.’ ‘श्यामसुंदर, ताप उतरल्यावर.’ बाईंनी सगळे फोटो तीनतीनदा उलटून पाहिले. रंगराव हे नाव कुठेच नव्हतं. कॅमेरा त्यांच्याच हातात असणार, अशी मनाची समजूत घालून बाईंनी डबा दुकानात आणला आणि एका विमानाचा फोटो माझ्यापुढे ठेवला. वडील नाहीत तर निदान त्यांचं विमान भिंतीवर असू दे, म्हणाल्या. आवाज शाळेतला राहिला नव्हता.

फ्रेम केली की मागचा मजकूर झाकला जातो, म्हणून मी तो आधी वहीत उतरवून घेतो. त्या सवयीनं सगळेच फोटो उलटले. तीन फोटोंमागे काहीच नव्हतं. एवढी टापटिपीची तुमची आई इथेच लिहायला कशी कंटाळली, असं मी खवचटपणे विचारलं. अनोळखी कुणी असेल, असं त्या म्हणाल्या. मी तिन्ही फोटो शेजारी मांडले. तिन्हींत माणूस एकच होता. एकात तो विमानाच्या पंख्याला टेकून हसत होता.

आईचं काही आठवतं का, म्हणून मी विचारलं. बाईंना एकच गोष्ट आठवत होती. रेशनच्या दुकानात कारकून नवऱ्याचं नाव विचारायचा आणि आई कार्ड पुढे करून त्या ओळीवर बोट ठेवायची. तो खेकसला तरी बोलायची नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात, एरवी नाही, हे तिनं शेवटपर्यंत...

वाक्य पुरं झालं नाही. बाईंनी तिन्ही फोटो जवळ ओढले. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

मग विमानाच्या पंख्याला टेकलेला तो फोटो त्यांनी माझ्या हातात दिला. मी कानामागची पेन्सिल काढून पुढे केली. “मुलीनं लिहिलं तर चालतं. लिहा नाव.”

“नको,” त्या म्हणाल्या. “आईनं लिहिलंय की.”

त्या फ्रेमला मी दोन्ही बाजूंनी काच लावली.