पवनचक्कीचं पातं

आमच्या पक्षीनिरीक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नानांनी सकाळी तणमोराचा फोटो टाकला. इतका दुर्मीळ पक्षी, आणि जागेचा पत्ता नाही. मी विचारलं, "नाना, कुठे दिसला?" उत्तर आलं, "माळावर." जणू तालुक्यात एकच माळ आहे!

तसं त्यांचंही चूक नाही. गेल्या वर्षी कुणीतरी घरट्याची जागा सांगितली आणि दुसऱ्याच दिवशी कॅमेरेवाल्यांच्या गाड्या गवतात घुसल्या. मादी अंडी सोडून गेली. तेव्हापासून आम्ही एकमेकांना पक्षी दाखवतो, माळ दाखवत नाही. आनंद सांगितल्यावाचून राहवत नाही, आणि सांगितला की ऐकणाऱ्याची भीती वाटते. पण म्हणून माझ्यावरही संशय?

मी फोटो मोठा करून पाहिला. कोपऱ्यात पवनचक्कीचं मोडकं पातं होतं. ती पवनचक्की माझ्या ओळखीची होती. संध्याकाळी तिथे गेलो, तर गवतातून तणमोर उंच उसळला. परतताना वाटेत नाना भेटले.

"इकडे कुठे?"

"पाय मोकळे करायला," मी म्हणालो. दुर्बीण गळ्यातच होती.

घरी येऊन मी काढलेला तणमोराचा फोटो ग्रुपवर टाकला, आधी पवनचक्की कापून. पहिला प्रश्न नानांचाच आला, "कुठे दिसला?"

मी लिहिलं, "माळावर."