घरच्या दाण्यावर वाढलेली

फोन सुधाकरचा होता. "काकू, आई गेली," एवढं म्हणून तो थांबला. मी भिंतीला टेकून खाली बसले... त्याला वाटलं लाइन तुटली. दोनदा हॅलो हॅलो करून त्यानं पुढचं सांगून टाकलं, "गावालेच आणून राह्यलो. तिसरा तिकडंच करू. घर तेवढं झाडून ठेवा." घर झाडून ठेवा! त्या घराला कुलूप त्यानंच घातलं होतं. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. लोक मला सांगतात, झालं गेलं सोड, गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द लिही. लिहिते. अक्काबद्दल माझ्याजवळ चांगलेच शब्द आहेत. बाकीच्यांची मात्र भीड ठेवणार नाही.

अक्का म्हणजे माझी मोठी जाऊ. भीमपूरकडच्या आमच्या गावात एकाच अंगणात आमच्या दोन चुली. मी शाळेत शिकवायला जायची, ती शेतात. आमचे नवरे मागेपुढे गेले आणि मग भांडायला आम्ही दोघीच उरलो. भांडायचोही पोटभर. माझं तिखट कमी असतं यावरून, माझ्या साडीच्या रंगावरून, मी पेपर वाचत बसते यावरून. "वाचून वाचून डोये गेले तुये, अन् अक्कल हाय तेवढीच," असं म्हणायची, आणि तेवढं म्हणून वाटीभर कालवण माझ्या ओट्यावर ठेवून जायची. अक्का काही माळकरी नव्हती, हेही सांगून ठेवते. कोंबड्या पाळायची, पाहुणा आला की स्वतः कापायची आणि रस्सा बोटं चाटून खायची. म्हणूनच त्या एका कोंबडीचं तिनं जे केलं, त्याचं मला अजून नवल वाटतं.

कापूस वेचून झाल्यानंतरचे दिवस होते. पहाटे खुराड्यात एकच कालवा उठला. रानमांजर शिरलं होतं. अक्का काठी घेऊन धावली, मांजर पळालं, पण जाता जाता एका तांबड्या तलंगीची पाठ मानेपासून शेपटीपर्यंत सोलून गेलं. एक पंख निखळून लोंबत होता. अंगणात बायाबाप्ये जमले. भावकीतले एक म्हातारे, सगळ्या कामांत ज्यांचा शब्द शेवटचा, म्हणाले, "धुगधुगी हाय तवर कापून घ्या. मेली मंग कोनाच्या कामाची?" आमच्याकडं रीतच आहे ती. जखमी कोंबडी कोणी वाया घालवत नाही, त्याच दिवशी चुलीवर चढते. अक्कानं तिला पदरात उचलून घेतलं आणि म्हणाली, "तुमाले ताप येते तवा आमी सुरी पाजळतो का जी?" हसू मी दाबलं, पण माझं मत म्हाताऱ्यांच्याच बाजूचं होतं.

तिनं कोंबडीला बाकीच्यांतून वेगळं काढलं, कारण रक्त दिसलं की कोंबड्याच कोंबडीला टोचून मारतात. चुलीजवळ वेताचं डालगं पालथं घातलं, आत जुनं पोतं अंथरलं. मिठाच्या कोमट पाण्यानं जखम धुतली, तेलात हळद कालवून लावली आणि जुन्या लुगड्याची पट्टी फाडून पाठीवरून पोटाशी बांधली. माशा बसून अळ्या पडल्या तेव्हा सीताफळाचा पाला ठेचून त्याचा रस सोडला, अळ्या एकेक करून वेचल्या. मला ते पाहवेना. कापसाची वात भिजवून चोचीत थेंब थेंब पाणी, मग ज्वारीच्या भिजवलेल्या कण्या. आणि सारखं तिला उचलून कुशीवर वळवायची. एकदा मी वैतागले. "अक्का, पोर हाय का ते? कितीदा उलटं पालटं करून राह्यल्या तुमी?" तर म्हणाली, "एकाच अंगावर पडली का मांस सडते ओ. मंग हळद काय करंल, अन् देव तरी काय करंल?"

कोंबडी उठली. आधी नुसती मान वर, मग दोन पावलं, मग एक दिवस माझ्या ओट्यावर येऊन घाण करून गेली. तुरा पुन्हा लाल झाला. पाठीवर पिसं विरळ आली, आणि तो पंख मात्र कायमचा लोंबत राहिला, बाईचा पदर सुटून मागं घासत जावा तसा. अक्कानं नाव ठेवलं पदरी. पट्टी धुऊन, घडी करून डालग्याच्या काड्यांत खोचून ठेवली. म्हणाली, "राहू दे. कोनाच्या तरी कामी येईल."

पावसाळा संपता संपता अक्का न्हाणीच्या दगडावरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर ऑपरेशन म्हणाले, सुधाकर म्हणाला या वयात कशाला, आम्ही जपू. तो बेल्लमपल्लीला नोकरीला, क्वार्टरमध्ये राहतो. जीपमध्ये तिला आडवी घातली तेव्हा तिनं माझा हात धरला. "वनमाले, पदरीले पाह्यजो. थे माया खुराड्यातच बसंल, तुया घरी नाई येणार. दार तेवढं लावत जा." मी म्हटलं, लावते. आणि लावत होते.

मग मी तिला भेटायला गेले. बसनं, गाड्या बदलत. मागच्या व्हरांड्यात खाट होती, खाटेवर अक्का, भिंतीकडं तोंड करून. मी आल्याचं कळलं तरी तिला वळता येईना. मी वळवलं... आणि पाठ पाहिली. काय लिहू? ज्या बाईनं कोंबडीला कधी एका अंगावर पडू दिलं नाही, तिच्या पाठीत माझी बोटं जातील एवढी जखम होती. सुनेला विचारलं, तर ती म्हणाली, "आमी दोघंबी ड्युटीवर जातो काकू. कोन पाहीन?" रडायला आलं नाही मला, पदर खोचून पाणी तापत ठेवलं. मी तिथंच राहिले. धुतलं, पुसलं, वळवलं. अक्का हसून म्हणाली, "मले बी डालग्यात घाल वो वनमाले." मग विचारलं, "पदरी बसते का दांडीवर?" मी म्हटलं, बसते, पंख सावरून चढते वर. "मंग झालं," म्हणाली.

सुधाकरला मी सांगितलं, तिला गावी घेऊन जाते, मी करीन सगळं. त्याचा चेहरा पडला. "लोक काय म्हनतीन काकू? पोरगा असून मायले गावात टाकली म्हनतीन." आणि दुसऱ्या दिवशी हळूच, "तुमी आता जा. शेजारीपाजारी बोलून राह्यले." म्हणजे आईची पाठ सडली तर चालेल, त्याचं नाव सडता कामा नये! अक्काला मी पुन्हा पाहिली ती पांढऱ्या कापडात.

आता तिसऱ्याचं सांगते. तेलुगू शेजाराच्या सोबतीनं आमच्या सीमेवरच्या गावांत तिसऱ्या दिवशी गेलेल्याच्या आवडीचं ताट पक्ष्यापुढं ठेवतात, आणि त्यात कोंबडी लागते. ती बाजारची चालत नाही, त्याच घरच्या दाण्यावर वाढलेली पाहिजे. पैनगंगेपलीकडच्या पाहुण्यांना याचं नवल वाटतं, आम्हाला नाही. अक्काच्या कोंबड्या सुधाकरनं घर बंद करतानाच वाटून टाकल्या होत्या. राहिली होती एकटी पदरी, लुळ्या पंखाची कोणी घेतली नाही म्हणून. त्या सकाळी मी नदीवर गेले होते बायांबरोबर. परत आले तर खुराड्याचं दार उघडं आणि न्हाणीजवळ तांबडी पिसं. त्याच दगडाजवळ.

मी ओरडले. भावकीतले तेच म्हातारे म्हणाले, "घरची तेवढीच होती बाई. रीत मोडता येते का?" सुधाकरनं डोळे पुसत सांगितलं, "आईले रस्सा लय आवडे काकू." खोटं नव्हतं ते. यालाच मी काय करू? ताट नेऊन ठेवलं आणि कावळा लगेच शिवला. सगळ्यांना हायसं वाटलं. पहा, म्हातारीची काही इच्छा राहिली नव्हती, असं म्हणत माणसं जेवायला बसली. मी जेवले नाही. कावळ्याला काय, तो मांसावर येतो. त्याला अक्काची इच्छा कोणी सांगितली होती?

डालगं मी माझ्याकडं आणलं. पट्टी अजून काड्यांत खोचलेली आहे. परवा सुधाकरचा फोन आला, आवाज अगदी गोड. वर्षाचं कार्य मोठं करायचं म्हणाला, साहेबलोक येणार आहेत. "अन् काकू, घरचीच लागंल. आईच्या कोठीत ज्वारी पडून हाय, थे टाकून एक पिल्लू आतापासून पोसून ठेवा ना." मी म्हटलं, "बाबू, तुया आईच्या दान्यावर वाढलेलं आता एकच उरलं हाय. तू."

त्यानं फोन ठेवला. दिवस मावळत आला होता, पदरीचं दार लावायची वेळ. मी अंगणातलं डालगं उचलून सवयीनं आत चुलीजवळ नेऊन ठेवलं.